धागा : पेशवे घराण्यातली पत्रं – मिती, मायना आणि 'चिरंजीव माधवराव' नेमके कोणते?

मृगसाल

मोडी अक्षर लागायला लागलं की बहुतेक जण थेट मजकुरात शिरतात. घराण्यातल्या आपसातल्या पत्रांत ही घाई महागात पडते. राजकारणाच्या पत्रात निजाम, हैदर, चौथाई असं काहीतरी येतं आणि काळ आपोआप कळतो. आईने लेकाला किंवा दिराने भावजयीला लिहिलेल्या पत्रात प्रकृती, उपास, मुंजी, 'तुमचे पत्र बहुत दिवस नाही' एवढंच असू शकतं. असं पत्र १७४० चं की १७८५ चं, हे मजकुरावरून सांगता येत नाही. ते मजकुराच्या कडेला लिहिलेलं असतं, म्हणून आधी कडा वाचायच्या.

क्रम असा ठेवा : कागदाची पाठ, मग मिती (तारीख), मग मायना (पत्राच्या सुरुवातीचं संबोधन), मग शेवट, आणि सगळ्यात शेवटी मजकूर.

मितीपासून सुरू करतो, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. नेहमीचा साचा :

छ १५ रबिलाखर, सु॥ सलास सितैन मया व अलफ.

(ही सरावासाठी तयार केलेली मिती आहे, कुठल्याही खऱ्या पत्रावरची नाही.)

'छ' म्हणजे चंद्र, मुसलमानी महिन्याचा दिवस. 'सु॥' म्हणजे सुहूर सन. साल अरबी शब्दांत आणि उलट्या क्रमाने, एकं–दहं–शतक–हजार. म्हणजे ३ + ६० + १०० + १००० = ११६३.

शब्द पाठच करा :
१ अहद/इहिदे, २ इसन्ने, ३ सलास, ४ आर्बा, ५ खमस, ६ सीत, ७ सबा, ८ समान, ९ तिसा, १० अशर.
२० अशरीन, ३० सलासीन, ४० अर्बैन, ५० खमसैन, ६० सितैन, ७० सबैन, ८० समानीन, ९० तिसैन.
१०० मया, २०० मयातैन, १००० अलफ.

सुहूर सन मृग नक्षत्राला बदलतो, म्हणून त्याला मृगसाल म्हणतात. पेशवाईत हा दिवस जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो. मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ मिळवा, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. वरची मिती ११६३, म्हणजे जून १७६२ ते जून १७६३. त्यात रबिलाखर महिना ऑक्टोबर-नोव्हेंबर १७६२ मध्ये पडतो आणि छ १५ म्हणजे ३ नोव्हेंबर १७६२, बुधवार. एखादा दिवस इकडेतिकडे धरायचाच, कारण चंद्र दिसण्यावर महिना सुरू होतो.

पडताळा तिथीने घ्या. चंद्र प्रतिपदेच्या किंवा द्वितीयेच्या संध्याकाळी दिसतो, म्हणून छ चा आकडा तिथीच्या आकड्यापेक्षा एक-दोनाने मागे असतो. छ १५ ला कार्तिक वद्य १–२ निघायला हवी. पानिपतची तिथी पौष शुद्ध ८, शके १६८२. तिथे छ ६–७ जमादिलाखर येतो. हे अंतर चार-पाचांवर गेलं तर महिना चुकीचा वाचला आहे असं समजा. रबिलावल–रबिलाखर आणि जमादिलावल–जमादिलाखर या जोड्या पुन्हा तपासा.

---

नवखा_मोडी

छान धागा. एक शंका. एका छापील संग्रहात पत्राखाली इसवी १७९३ दिलं आहे, पण मजकुरातली माणसं १७६० च्या दशकातली वाटतात. अशी चूक कशी होते?

---

मृगसाल

@नवखा_मोडी, बहुधा 'सितैन' चं 'तिसैन' झालं असेल. नीट बघा, दोन्ही शब्दांत अक्षरं तीच आहेत, फक्त स आणि त यांची अदलाबदल. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी वेगळी काढत नाहीत, शब्दांत जागा सोडत नाहीत, ओढून लिहिलेलं असतं. ६० चे ९० झाले की पत्र ३० वर्षं पुढे सरकतं. सलास सितैन म्हणजे १७६२-६३ आणि सलास तिसैन म्हणजे १७९२-९३. तुमची चूक बरोबर तेवढीच आहे.

असेच दुसरे सापळे : सबा–सबैन, समान–समानीन, खमस–खमसैन, तिसा–तिसैन. एकं आणि दहं दोन्ही वाचून झाल्यावर विचारा, साल पूर्ण झालं का? नुसतं 'सबैन मया व अलफ' असेल तर ते ११७०, एकं नाहीच. नवशिका तिथे आधीच्या शब्दातला एखादा तुकडा ओढून एकं बनवतो.

---

रुमालपुसे

मृगसालांनी मिती आधी घेतली, मी पाठ आधी घेईन. मिती पत्र लिहिल्याची असते. पत्राच्या डोक्यावर किंवा पाठीवर कारकुनाने वेगळ्या हाताने पोचल्याची मिती टाकलेली असते, 'पे॥ छ अमुक' (पैवस्ती) अशी. या दोन मितींत गल्लत झाली तर आठ-पंधरा दिवसांचा फरक पडतो, आणि लढाईच्या दिवसांत तेवढा फरक फार. पानिपतची बातमी नानासाहेबांना भेलशाजवळ कळली ती १० दिवसांनी, आणि ती सावकारी जासुदाची चाल होती. घरच्या पत्राला एवढी घाई नसे.

दुसरं, तुमच्या हातात असल आहे, मसुदा आहे की नक्कल? पुण्याच्या पेशवे दफ्तरात पुण्याला *आलेली* पत्रं असल स्वरूपात मिळायची शक्यता जास्त. पुण्याहून *गेलेलं* पत्र ज्याला गेलं त्याच्या दफ्तरात असणार. पुण्यात त्याचा मसुदा किंवा नक्कलच उरते. ओळखायच्या खुणा :

असल – अरुंद पट्टीत घडी घालून लखोटा केल्याच्या घड्या, बाहेरच्या घडीवर मळ आणि पत्ता, बहुधा शेवटी शिक्का किंवा दस्तुर (स्वतःच्या हातचं अक्षर).

मसुदा – खाडाखोड, ओळींच्या मध्ये घुसवलेला मजकूर, मायना अर्धवट ('तीर्थरूप इ॥' एवढ्यावर सोडून दिलेला), घड्या नाहीत.

नक्कल – अक्षर एकसारखं, स्वच्छ, शिक्क्याच्या जागी नुसती नोंद. कागद उजेडासमोर धरा. जुन्नरी किंवा दौलताबादी हातकागदात चाळणीच्या बारीक रेघा दिसतात. पाण्यात उमटवलेलं इंग्रजी नाव आणि साल दिसलं तर तो विलायती कागद, आणि सालाचा जलछाप असलेले इंग्रजी कागद १७९४ च्या पुढचे. १७६५ च्या पत्राखाली असा कागद असेल तर ती नंतरची नक्कल आहे. तिच्यात साल शब्दांत होतं ते आकड्यांत केलं असण्याची शक्यता धरा. चूक तिथेच शिरते.

---

तिरकस

धाग्याचं नाव 'घराण्यातली पत्रं', आणि सुरुवात राजघराण्याच्या थाटात. पेशवे राजे कधी झाले? त्यांच्याच मुद्रेत 'राजा शाहू नरपति हर्षनिधान, बाजीराव बल्लाळ मुख्य प्रधान' असं आहे. राजघराण्याची पत्रं म्हणजे सातारा, कोल्हापूर, तंजावर. बाकी कारभाऱ्यांची.

---

मृगसाल

@तिरकस, मान्य. पेशव्यांची पत्रं घेतली कारण ती मुबलक आहेत आणि शिकायला सोयीची. भोसले घराण्यातल्या पत्रांवर कुणी लिहिलं तर आनंद. आणि ती मुद्रा तुम्ही काढलीत हे बरं झालं, कारण तिच्यात पुढचं सूत्र आहे : *बापाचं नाव बघा*.

बाळाजी विश्वनाथ – पहिले पेशवे
बाजीराव बल्लाळ, चिमाजी बल्लाळ – त्यांचे मुलगे (बल्लाळ म्हणजे बाळाजीचा)
बाळाजी बाजीराव, रघुनाथ बाजीराव – नानासाहेब आणि दादासाहेब
माधवराव बल्लाळ, नारायणराव बल्लाळ – नानासाहेबांचे मुलगे
माधवराव नारायण – सवाई माधवराव
बाळाजी जनार्दन – हे घराण्यातले नव्हेत, नाना फडणीस

मजकुरात नुसतं 'नाना' आलं तर ते नानासाहेब पेशवे, नाना पुरंदरे किंवा नाना फडणीस, तिघांपैकी कुणीही. छापील सूचींत हे तिघे बिनदिक्कत एकमेकांच्या खाती जमा झालेले आहेत. 'भाऊ', 'आपा', 'बापू', 'दादा' यांचंही तेच. टोपणनावावर विसंबून तारीख ठरवू नका, तारखेवरून टोपणनाव ठरवा.

---

बोरू_टाक

शीर्षकातल्या 'चिरंजीव माधवराव' चं काय ते सांगून टाका, नाहीतर मीच लिहितो.

---

मृगसाल

लिहा.

---

बोरू_टाक

गोपिकाबाई. नानासाहेबांची बायको, थोरल्या माधवरावांची आणि नारायणरावांची आई, सवाई माधवरावांची आजी. पुढे नाशिकजवळ गंगापूर-पंचवटीला राहिल्या, १७८८ मध्ये गेल्या. मुलगा माधवराव आणि नातूही माधवराव. दोघांनाही त्या 'चिरंजीव माधवराव' असंच लिहिणार, दोघांनाही आशीर्वादच देणार, दोघांनाही उपदेशच करणार. स्वभाव काही बदलला नव्हता.

सालावरून असं सुटतं :

सितैन (११६०–६९) आलं तर लेक. १७५९ ते १७६९ चा काळ.
समानीन (११८०–८९) आलं तर नातू. १७७९ पासून पुढे.
सबैन (११७०–७९) आलं तर थांबा, इथे एकं वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. थोरले माधवराव थेऊरला १८ नोव्हेंबर १७७२ ला गेले, ते सलास सबैन (११७३). नारायणरावांचा खून ३० ऑगस्ट १७७३ आणि सवाई माधवरावांचा पुरंदरावरचा जन्म १८ एप्रिल १७७४, हे दोन्ही आर्बा सबैन (११७४) मध्येच पडतात, कारण मृग मध्ये आला नाही. म्हणून इहिदे, इसन्ने, सलास सबैन म्हणजे लेक. आर्बा सबैनच्या पुढे 'चिरंजीव माधवराव' म्हणजे नातू.

त्यांनी सवाई माधवरावांना दिनचर्येचा उपदेश लिहून पाठवला तो प्रसिद्ध आहे : उठणं, स्नानसंध्या, अक्षर घोटणं, कसरत, दरबारात कसं बसावं. आठ-दहा वर्षांच्या मुलाला लिहिलेलं पत्र आहे ते. त्यातले तुकडे 'आईने थोरल्या माधवरावाला घडवलं' म्हणून फिरतात. थोरले माधवराव गादीवर आले १७६१ मध्ये, वय १६. त्यांना घोड्यावर बसायला शिकवायची वेळ टळून गेली होती.

---

नवखा_मोडी

मायन्यावरून कोण मोठं, कोण धाकटं हे नक्की कळतं का? 'तीर्थरूप' म्हणजे बापच ना?

---

बोरू_टाक

नियम आहे, पण तो सरसकट पाळलेला नाही. बापाला तीर्थरूप, चुलता-थोरला भाऊ अशांना तीर्थस्वरूप, हा शिष्टाचार. पत्रांत दोन्ही सरमिसळ होतात, म्हणून एवढ्या एका शब्दावर नातं ठरवू नका. यापेक्षा पत्राचा शेवट पक्का असतो :

वडील धाकट्याला लिहितो – चिरंजीव... यांसी, शेवटी 'हे आशीर्वाद'.
धाकटा वडिलांना – 'अपत्ये अमुक याने... साष्टांग नमस्कार विज्ञापना', शेवटी 'हे विज्ञापना'.
बरोबरीचा बरोबरीच्याला – 'अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य', शेवटी 'लोभ असो दीजे हे विनंती'.
धनी चाकराला – 'जाणिजे'.

मायना कारकून सवयीने लिहून जातो, शेवट मात्र मजकूर सांगणाऱ्याच्या तोंडचा असतो. दोन्ही जुळत नसतील तर शेवट खरा धरावा. घरात तेढ असताना हे फार उपयोगी पडतं. १७६२ मध्ये काका रघुनाथराव आणि पुतणे माधवराव एकमेकांवर फौजा घेऊन आले, १२ नोव्हेंबरला आळेगावला माधवरावांनी माघार घेतली. अशा काळातही मायना अगदी नम्र असतो. नम्र मायना दिसला म्हणून सलोखा होता असं लिहू नका. तो दफ्तराचा रिवाज आहे.

'मातुश्री' शब्द तर आईपुरता नाहीच. थोरली भावजय, चुलती, आजी, छत्रपतींच्या राण्या, सगळ्या मातुश्री. १७३५-३६ मध्ये बाजीरावांच्या आई राधाबाई काशीयात्रेला गेल्या तेव्हाच्या पत्रांतल्या 'मातुश्री' वेगळ्या आणि १७६५ च्या पत्रांतल्या वेगळ्या.

---

रुमालपुसे

बायकांच्या नावाआधीचा शब्द बघायलाही विसरू नका. 'सौभाग्यवती वज्रचूडेमंडित' असेल तर नवरा हयात, 'गंगाभागीरथी' असेल तर नाही. गोपिकाबाईंसाठी सीमारेषा २३ जून १७६१, नानासाहेब पर्वतीवर गेले तो दिवस. त्या आधी सौ., त्यानंतर गं. भा. तारखेचा अर्धा कागद फाटलेला असला तरी या एका शब्दावर पत्राची बाजू ठरते. सुहूर सनाची गंमतही इथे दिसते. पानिपत आणि नानासाहेबांचा मृत्यू एकाच इसवी सनात, १७६१ मध्ये, पण पानिपत 'इहिदे सितैन' आणि मृत्यू 'इसन्ने सितैन'. मध्ये मृग होऊन गेला.

---

मृगसाल

वरच्या नियमाला एक मोठा अपवाद, तो लिहून ठेवा : पार्वतीबाई, सदाशिवरावभाऊंची बायको. भाऊंचं पानिपतावर काय झालं हे त्यांनी मानलं नाही आणि शेवटपर्यंत सौभाग्यवती म्हणूनच राहिल्या. त्यांच्या नावाआधी 'सौ.' दिसलं म्हणून पत्र १७६१ च्या आधीचं ठरवलं तर फसाल. १७७६ मध्ये 'मीच भाऊ' म्हणणाऱ्या तोतयाच्या प्रकरणाचा निकाल लागला, तरी सौ. होतंच. आणि उलट, 'कैलासवासी भाऊसाहेब' कधी येतं ते बघा. त्या घरात ते लिहिणं ही साधी गोष्ट नव्हती.

---

कावेरीकाठ

@तिरकस यांची मागणी होती म्हणून तंजावरचं थोडं.

भोसले घराण्यातला सगळ्यात जास्त बोलला जाणारा आपसातला व्यवहार म्हणजे शिवाजी महाराज आणि त्यांचे सावत्र भाऊ, तंजावरचे व्यंकोजीराजे, १६७७-७८. दोघांची भेट जुलै १६७७ मध्ये झाली, बिनसलं, नोव्हेंबरात वालगोंडपुरापाशी व्यंकोजींच्या फौजेचा पराभव झाला आणि मग पत्रं. वाद शहाजीराजांच्या दौलतीच्या वाट्याचा. ती पत्रं वाचताना तीन गोष्टी वेगळ्या पडतात.

एक, मिती. इथे सुहूरपेक्षा शक आणि संवत्सर जास्त कामाचं. संवत्सर हा शकाचा फुकटचा पडताळा आहे. शकात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी उरेल त्या क्रमांकाचा संवत्सर. शके १५९६ : १६०८ ला ६० ने भागून बाकी ४८, आनंद, राज्याभिषेकाचा संवत्सर. १५९९ ला ५१, पिंगल. १६०० ला कालयुक्त. आकडा आणि नाव जुळलं नाही तर नाव खरं धरा. आकडा पुसट होतो, नाव सहसा होत नाही. (पेशवाईतही चालतं : शके १६८२, बाकी १४, विक्रम.)

दोन, इसवी तारीख. इंग्रजांनी सप्टेंबर १७५२ पर्यंत जुनं पंचांग वापरलं, पोर्तुगीजांनी १५८२ पासून नवं. सतराव्या शतकात दोघांत १० दिवसांचं अंतर, १७०० नंतर ११. १६७७ च्या घटनेची मद्रासच्या इंग्रजांची तारीख आणि गोव्याच्या पोर्तुगीजांची तारीख जशीच्या तशी शेजारी ठेवली तर पत्र लिहिण्याआधीच उत्तर आलेलं दिसतं.

तीन, सांगणारं कोण. व्यंकोजी आणि शिवाजी महाराजांमध्ये समेट घडवण्यात दीपाबाईंचा, व्यंकोजींच्या बायकोचा, हात होता असं परंपरा सांगते, आणि रघुनाथपंत हणमंते दोन्हीकडे वावरलेले. अशा पत्रात सही एकाची आणि शब्द तिसऱ्याचे असू शकतात.

तंजावरला सरस्वती महालात मोडी कागदांचे गठ्ठे आहेत, पण ते बहुतांश पुढच्या राजांचे. बृहदीश्वराच्या भिंतीवर तंजावरच्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरून घेतलेला भोसले वंशाचा मराठी लेख आहे, तो घराण्याची आठवण म्हणून वाचा. सव्वाशे वर्षांनी लिहिलेला आहे, पत्राच्या जागी ठेवू नका.

---

तिरकस

समाधान झालं. आता 'ध चा मा' होऊन जाऊ दे. आनंदीबाईंनी 'धरावे' चं 'मारावे' केलं, मोडीत ते शक्य आहे का?

---

बोरू_टाक

मला वाटलंच होतं कुणीतरी काढणार.

मूळ कागद समोर ठेवून कुणी दाखवलेला नाही. कागद नसताना अक्षरं कशी बदलली यावर वाद घालणं म्हणजे न जन्मलेल्या वासराची शिंगं मोजणं. शिवाय एक अक्षर बदलून भागत नाही. ध चा म करायचा आणि वर काना घुसवायचा. मोडीत आधी ओळभर शिरोरेषा मारून खाली बोरू न उचलता लिहीत जातात. मध्ये जागाच नसते. खाडाखोड केलेल्या जागी शाई दाट होते, घोटलेल्या कागदाची चमक जाते, आणि तिरप्या उजेडात ते साध्या डोळ्यांना दिसतं. एवढा मोठा हुकूम हातात घेणारा गारदी आंधळा नव्हता.

---

रुमालपुसे

तिरप्या उजेडाचा विषय निघालाच आहे तर फोटो आणि हाताळणीचं लिहितो. घरोघरच्या दफ्तरांत असले कागद अजून आहेत आणि बरेच नुकसान वाचायच्या उत्साहात होतं.

घडी सक्तीने उलगडू नका. कोरडा कागद घडीवर तुटतो आणि नेमकी ती ओळ जाते. पुराभिलेखागारातल्या जाणकारांकडून आर्द्रता देऊन उलगडून घ्या. काजळाची शाई डिंकात बांधलेली असते. पाणी लागलं की डिंक सुटतो आणि अक्षर पसरतं. ओलं फडकं, थुंकी लावलेलं बोट, काहीही नको. चिकटपट्टी तर अजिबात नको. दहा-वीस वर्षांत तिचा गोंद पिवळा होऊन कागदात उतरतो आणि अक्षर काढून घेतो. प्लॅस्टिकचं आवरण तापवून चिकटवणं म्हणजे कागद कायमचा गेला. कागदावर चकाकणारे कण दिसले तर झटकू नका, ती शाई सुकवायला टाकलेली वाळू असते, असल ओळखायला उपयोगी.

फोटो : दोन्ही बाजू, कोरी दिसली तरीही, कारण पोचल्याची मिती तिथेच असते. शेजारी मोजपट्टी. एक फोटो सरळ उजेडात, एक बाजूने अगदी आडव्या उजेडात, एक कागद उजेडासमोर धरून. स्कॅन केलात तर रंगीत, ४०० ते ६०० ठिपके प्रति इंच. डाग पडलेल्या कागदाला अवरक्त प्रकाशातला फोटो जादू करतो. काजळ त्यात काळंच राहतं, पाण्याचे आणि तेलाचे डाग बरेचसे नाहीसे होतात. ठेवायचं आम्लरहित कागदात, आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास. वाळवी बाहेरून येते, तेव्हा गठ्ठा भिंतीला टेकवून ठेवू नका.

---

मृगसाल

लिप्यंतराबद्दल दोन शब्द, म्हणजे माझ्याकडून संपलं. ओळीला ओळ उतरवा, ओळींना क्रमांक द्या. शब्द तोडायचे ते दुसऱ्या प्रतीत. पहिल्या प्रतीत वेलांट्या-उकार आहेत तसे, अनुस्वार नसेल तर घालू नका. अंदाजाचं अक्षर चौकटी कंसात, फाटलं तिथे ठिपके. 'र' कशाला जोडला त्यावर त्याचं रूप बदलतं, म्हणून त्या लेखकाच्या सगळ्या 'र' ची एक पट्टी आधी काढून ठेवा. एकाच कारकुनाचा हात असेल तर पुढे वेळ वाचतो.

आणि दोन उभ्या रेघांचा घोटाळा : 'रा॥' मध्ये ॥ म्हणजे शब्द तोडल्याची खूण (राजश्री), तसंच मौ॥ मौजे, क॥ कसबे, मु॥ मुक्काम. आकड्यापुढे आली तर तीच खूण अर्धा : ५॥ म्हणजे साडेपाच. । पाव, ॥। पाऊण. लुगड्यांची आणि केशराची यादी असलेल्या घरगुती पत्रात दोन्ही वापर एकाच ओळीत येतात.

---

नवखा_मोडी

सराव म्हणून एक मिती सोडवली : छ १५ जिल्काद, सु॥ सलास सितैन मया व अलफ, मायना 'अपत्ये माधवराव', मातुश्रींना. पंचांगाच्या कोष्टकावरून मला ७ जून १७६२ आलं. बरोबर?

---

मृगसाल

बरोबर आहे आणि नाहीही. चांगलीच मिती निवडलीत.

चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, मृगसाल ३६५ चं. म्हणून प्रत्येक मृगसालात सुमारे १०–११ चांद्र दिवस दोनदा येतात, एकदा सालाच्या सुरुवातीला, एकदा शेवटी. ११६३ हे साल साधारण १२ जिल्कादला सुरू झालं आणि पुढच्या वर्षी २२ जिल्कादच्या सुमाराला संपलं. तुमचा छ १५ जिल्काद त्या साली दोन वेळा येतो : ७ जून १७६२ आणि २८ मे १७६३. कोष्टकं पहिला दिवस दाखवतात आणि आपण तिथेच थांबतो.

---

नवखा_मोडी

मग यातला कुठला?

---

रुमालपुसे

मुक्काम बघायचा. मे १७६३ मध्ये निजामाशी मोहीम पेटली होती, माधवराव स्वारीवर, निजामाच्या फौजेने पुणं लुटलं, कुटुंब सिंहगडाला हलवलेलं. लेकाने आईला पत्र लिहायला तेव्हा कारण होतं. मु॥ पुण्याबाहेर फौजेत असेल तर २८ मे कडे कौल जातो. पेशव्यांच्या रोजकीर्दीत (रोजच्या हिशेबाच्या वहीत) रोजच्या मितीसमोर मुक्काम लिहिलेला असतो, त्याच्याशी ताडून घ्या.

---

मृगसाल

आणि पत्रात वार आला असेल तर तो सोन्यासारखा. ७ जून १७६२ ला सोमवार, २८ मे १७६३ ला शनिवार. छ एका दिवसाने घसरला तर पहिल्यासाठी रवि–सोम–मंगळ, दुसऱ्यासाठी शुक्र–शनि–रवि. रविवार निघाला तर मात्र पुन्हा रोजकीर्द.